ज्ञानाने विस्मय मरतो काय?

शास्त्राने सृष्टीतील काव्य नाहीसे केले, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणारालाही आपण काही नवे सांगितल्याचे समाधान मिळत नसावे. १८१७ सालच्या डिसेंबरात लंडन येथे हेडन नावाच्या चित्रकाराच्या घरी काही मित्र जेवावयास जमले होते. त्यांत वर्ड्स्वर्थ होता, चार्ल्स लॅम होता, आणि ऐन पंचविशीही न गाठलेला कीट्स होता. बोलता बोलता न्यूटनचा विषय निघाला, व इंद्रधनुष्याला लोलकातल्या रंगांच्या पंक्तीला नेऊन बसवून या गृहस्थाने त्यातील सारे काव्य घालविले, यावर लॅम व कीट्स या दोघांचे एकमत झाले. मग सर्वांनी न्यूटनच्याच नावाने पेले उचलले आणि गणिताची फजिती चिंतिली. जेवणाच्या मेजावर थट्टेने बोललेली ही गोष्ट पुढे दोनशे वर्षे साहित्याच्या वर्गांतून मोठ्या गंभीरपणे सांगितली जात आहे, हे लॅमला कळते तर त्याला हसू आवरले नसते.

परंतु आमची गोष्ट निराळी आहे. आम्ही आयुष्याची बरीच वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्यात घालविली असल्यामुळे ही तक्रार आमच्याकडे वादाचा विषय म्हणून न येता आरोप म्हणून येते. समजल्याने विस्मय मरत असेल, तर दर वर्षी शंभर-सव्वाशे तरुण मुलामुलींच्या विस्मयाचा वध करून त्याबद्दल वेतन घेणारे आम्ही ठरतो. असा आरोप ज्याच्यावर आहे त्याने 'सत्य हेच सुंदर' अशा एखाद्या वाक्याच्या आड जाऊन बसणे बरे नव्हे. मोठमोठ्या शब्दांनी हा वाद केला म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी सुखरूप राहतात, हा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही एका अगदी क्षुल्लक वस्तूच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करणार आहो. ती वस्तू म्हणजे कवडसा.

कौलारू घरात ज्यांचे बालपण गेले त्यांना कवडसा काय ते सांगावयास नको. नळे किंवा कौले थोडी सरकली, की त्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत उतरे व सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढा उजेडाचा ठिपका पडे. दुपार कलेल तसतसा तो सरकत सरकत भिंतीवर चढे. तो मुठीत धरण्याचा खेळ न खेळलेले मूल त्या काळी कोकणात शोधून सापडले नसते.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण होते. खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवारच्या बाजूने भारतात शिरून ओरिसाच्या किनाऱ्याकडे गेला. आमचे घर दक्षिण कोकणात, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर, परंतु सूर्याची एक बारीक फाक तेवढी शिल्लक राहावी इतके जवळ. आमचे वय तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. घरात अशा बाबतीत आजीचे राज्य. सकाळपासून चूल नव्हती. पाण्याच्या हंड्याकळशांत तुळशीपत्रे पडली होती. स्पर्शाची वेळ आली तशी आजीने दारे-खिडक्या लावून घेतल्या, आम्हां मुलांना माजघरात बसविले, आणि स्वतः जपाची माळ घेऊन भिंतीशी बसली. बाहेर तिसऱ्या प्रहरीच सांजावल्यासारखे होऊ लागले. आणि इतक्यात आमच्यापैकी कोणाचे तरी लक्ष जमिनीकडे गेले. रोजचे ते वाटोळे कवडसे नव्हते. त्यांच्या जागी पाच-सहा चंद्रकोरी पडल्या होत्या. सर्वांची टोके एकाच बाजूस, जणू कोणी एकाच साच्याने छापल्या असाव्यात.

आजीने त्या पाहिल्या. ती उठली, त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आम्हांला बाजूला सारले, आणि जमिनीला हात जोडून हलक्या आवाजात म्हणाली, "दार लावलां तरी इलो." त्यापुढे ग्रहण सुटेपर्यंत घरात कोणी बोलले नाही.

त्या दिवशी आम्हांस जे वाटले ते विस्मय होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रश्न एवढाच की पुढे त्याचे काय झाले.

सात-आठ वर्षांनी महाविद्यालयात प्रकाशाचा अभ्यास करताना आम्हांस त्याचे कारण कळले. कवडसा हा भोकाचा आकार नसून सूर्याचे चित्र असते. सूर्यबिंबाच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भोकातून येताना जमिनीवर भोकाच्याच आकाराचा एक बारीक ठिपका पाडतो. हे ठिपके असंख्य असतात आणि बिंबावरील बिंदू ज्या क्रमाने मांडलेले असतात त्याच क्रमाने, फक्त उलटे, जमिनीवर मांडले जातात. भोक लहान व जमीन दूर असली की भोकाचा चौकोनीपणा किंवा वेडेवाकडेपणा या गर्दीत हरवून जातो व बिंबाचा आकार तेवढा उरतो. सूर्य वाटोळा, म्हणून कवडसा वाटोळा. सूर्य कोरीसारखा, तर कवडसाही कोरीसारखा. खिडकीतून पडणारे ऊन चौकोनी दिसते ते खिडकी मोठी आणि भुई जवळ असते म्हणून.

आता हे समजल्यावर आमचा विस्मय मेला असता तर कीट्सचा पक्ष खरा झाला असता. झाले ते उलट. वसतिगृहाच्या व्हरांड्यात पत्र्याच्या एका भोकातून रोज एक कवडसा पडत असे. तो आम्ही त्या दिवसापर्यंत शेकडो वेळा ओलांडला होता. त्या सायंकाळी त्याच्याशी उकिडवे बसून आम्ही तो किती वेळ पाहिला हे सांगणे कठीण आहे. आजीच्या जमिनीवर ज्या ठिपक्यांवर आम्ही नाणी ठेवून मापे जुळवीत असू, ज्यांच्यावरून उड्या मारीत असू, ते सगळे सूर्य होते! ग्रहणाने त्या दिवशी घरात नवीन काही आणले नव्हते. 'तो' रोजच येत होता. फक्त वाटोळे चित्र कोणाचेही असू शकते, म्हणून ओळखू येत नव्हते. ग्रहणाने त्याला ओळख पटण्याजोगा आकार दिला, इतकेच.

आमच्या मते सर्व वादाची किल्ली येथे आहे. न समजणाऱ्याचा विस्मय अपवादाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. त्याला ग्रहण लागते, धूमकेतू लागतो, दोन डोक्यांचे वासरू लागते. नित्याच्या गोष्टीला तो उठून उभा राहत नाही. समजणाऱ्याचा विस्मय नियमाकडे वळतो, आणि नियम हा रोजचाच असल्यामुळे त्याला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत नाही. चमत्काराची दुकाने चालविणाऱ्यांना हा दुसरा विस्मय मुळीच मानवत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांना गिऱ्हाईक हवे असते ते पहिल्या जातीचे.

कवडशाचा हा प्रश्न किती जुना आहे हे पाहिले तर त्याचे क्षुल्लकत्व पार नाहीसे होते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाटा' नामक प्रश्नसंग्रहात तो स्पष्ट विचारलेला आहे. चौकोनी भोकातून आलेले ऊन वाटोळे का पडते? ग्रहणाच्या वेळी चाळणीतून, झाडाच्या पानांतून, किंवा एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवी धरली असता त्यांच्या फटींतून पडणारा प्रकाश कोरीसारखा का होतो? प्रश्न उत्तम, उत्तर मात्र लंगडे. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम या अरबी पंडिताने ग्रहणाच्या आकारावर स्वतंत्र प्रबंध लिहून बरेच अंतर तोडले. परंतु युरोपात हे कोडे केप्लरपर्यंत सुटल्यासारखे नव्हते. १६०० सालच्या जुलै महिन्यात केप्लरने ग्राट्स येथे सूर्यग्रहणाचा वेध बारीक भोकातून घेतला, आणि अशा वेधात चंद्राचे बिंब वाजवीपेक्षा लहान का भरते, या अडचणीने त्याला या प्रश्नाशी आणून उभे केले.

त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. प्रकाशाला डोळ्यांनी पकडता येत नाही, म्हणून त्याने त्याच्या जागी दोरा घेतला. उंचावर एक पुस्तक ठेवले आणि हेच सूर्यबिंब असे मानले. त्याच्या खाली अनेक कोनांचे भोक असलेली एक फळी धरली. मग पुस्तकाच्या एका कोपऱ्याला दोरा लावून, तो भोकाच्या कडेकडेने फिरवीत, त्याचे दुसरे टोक जमिनीवर जेथे जेथे टेकले तेथे तेथे खूण केली. भोकाच्या आकाराची एक आकृती उमटली. दुसऱ्या कोपऱ्यापासून तसेच केले, दुसरी आकृती. पुढे तिसरी, चौथी, आणि मग कडेवरच्या अनेक बिंदूंपासून. आकृत्यांवर आकृत्या चढत गेल्या, आणि पाहतो तो जमिनीवर त्या सर्वांचे मिळून पुस्तक उतरले होते! १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याने हे सारे सांगितले आहे. ग्रहांच्या कक्षा शोधून काढणारा तो महापुरुष हातात दोरा घेऊन जमिनीवर खडूने खुणा करीत आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. या माणसाचा विस्मय ज्ञानाने मारला असे कोण म्हणेल?

आपल्याकडे कवडशाकडे पाहणारे नव्हते असे नाही. मात्र त्यांची दृष्टी आकारावर न जाता त्या तिरपेत तरंगणाऱ्या धुळीवर गेली. झरोक्यातून आलेल्या सूर्यकिरणांत जो सूक्ष्म रज दिसतो तो त्रसरेणू, व तेच दृश्य मापांतील पहिले माप, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. आणि वैशेषिकांनी तर त्याच्याही आत शिरून द्व्यणुक व परमाणू यांची मांडणी केली. एकाच कवडशात एकाला सूर्याचे चित्र दिसावे व दुसऱ्याला परमाणूची वाट दिसावी, यात अधिक अभिमानास्पद काय, हा वाद आम्ही उत्साही मंडळींवर सोडतो.

हवे तर वाचकांनी कवडसा मोजून पाहावा. बारीक भोकापासून नऊ फुटांवर, किरणांना काटकोनात येईल असा कागद धरला, तर त्यावर सुमारे एक इंच व्यासाचे वर्तुळ पडते. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. याचा अर्थ असा की सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०७-१०८ पट दूर आहे. घरातल्या फूटपट्टीने सूर्यमंडळाचे एक प्रमाण हाती आले! चंद्राचे अंतरही त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट. सूर्य चंद्राहून सुमारे ४०० पट मोठा व सुमारे ४०० पट दूर, म्हणून तर चंद्राला सूर्य बेताबेताने झाकता येतो. आजीच्या हातातल्या माळेतही १०८ मणी होते. परंतु यावरून आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा सिद्धांत काढण्यास आम्ही तयार नाही. हा योगायोग आहे, आणि योगायोगाला योगायोग म्हणण्याने त्याची गंमत कमी होत नाही. सूर्य-चंद्रांचा हा मेळसुद्धा योगायोगच. शिवाय तो कायमचाही नाही. १९६९ पासून चंद्रावर नेऊन ठेवलेल्या परावर्तकांवर प्रकाश सोडून त्याचे अंतर मोजतात. त्यावरून चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जात आहे असे ठरले आहे. आणखी साठेक कोटी वर्षांनी तो इतका लहान दिसू लागेल की खग्रास सूर्यग्रहण पृथ्वीवरून कोणालाच दिसणार नाही. हे ज्ञान ज्याला आहे त्याचे ग्रहण अधिक रुक्ष, की अधिक मोलाचे?

यावर एक जुना आक्षेप आहे. विस्मय हीच तत्त्वचिंतनाची सुरुवात, असे प्लेटोने सॉक्रेटिसाकडून वदविले. ॲरिस्टॉटलने ते मान्य केले, पण पुढे असेही म्हटले की ज्ञानाचा शेवट विस्मयाच्या विरुद्ध अवस्थेत व्हावयाचा असतो. चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूशी कोणत्याही मापाने पुरता मोजता येत नाही, याचे नवशिक्याला आश्चर्य वाटते. भूमितिज्ञाला मात्र तो मोजता आला तरच आश्चर्य वाटेल. देकार्तने १६४९ साली विस्मयाला सर्व मनोविकारांत पहिले स्थान दिले, आणि ज्ञान मिळविण्यापुरता तो उपयोगी असला तरी पुढे त्यातून होईल तितके मोकळे व्हावे, असा सल्लाही दिला. ही माणसे थोर खरी. पण भूमितिज्ञाविषयीचे ते वाक्य आम्हांस नेहमी अपुरे वाटत आले आहे. कर्णाची सिद्धता ज्याने खरोखर समजून घेतली आहे तो 'यात काय विशेष?' असे म्हणत नाही. असे म्हणतो तो सिद्धता पाठ केलेला. आश्चर्याचे कोडे सुटते, हे खरे. परंतु कोडे सुटणे आणि आश्चर्य संपणे या दोन गोष्टी एक आहेत, हे कोणी कोठे सिद्ध केलेले नाही.

आपल्या नाट्यशास्त्राने या बाबतीत अधिक बारकाईने पाहिले आहे असे आम्हांस वाटते. भरताने भय हा भयानकाचा व विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव मानला. एवढेच नव्हे, तर भयानकाचा उगम बीभत्सातून व अद्भुताचा वीरातून सांगितला. पुष्कळदा आपण ज्याला विस्मय म्हणतो ते नुसते भय असते. वीज कडाडली म्हणजे छाती धडधडते, आणि ती धडधड हेच काव्य असे आपण समजतो. ते भय ज्ञानाने जाते, व गेलेलेच बरे. परंतु अद्भुताचा बाप वीर आहे. दोरा हातात घेऊन सूर्याला जमिनीवर उतरविणाऱ्या केप्लरचा विस्मय या कुळातला.

येथपर्यंतचा युक्तिवाद आमच्या पक्षाला सोईचा झाला. आता गैरसोईचा भाग सांगितला पाहिजे, नाहीतर लिहिणाऱ्याने वकिली केली असे होईल.

आजीला त्या दिवशी केवळ भय वाटत होते काय? आम्ही याचा पुष्कळ विचार केला आहे. तिच्या मुखातून माळ ओढताना मधूनच 'बिचारो' असा शब्द निघे. तो सूर्यासाठी होता. रोज जगाला उजेड देणारा तो कोणाच्या तरी तावडीत सापडला आहे, आणि आपण येथे काही न खाता-पिता बसलो तर त्याला तेवढीच सोबत होते, असा तिचा भाव होता. ग्रहण सुटल्यावर ती न्हाली, 'दे दान सुटे गिराण' अशी आरोळी देत आलेल्या माणसाच्या झोळीत तिने तांदूळ घातले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते संकटातून सुटलेल्या आप्ताला पाहिल्यावर दिसते तसे होते. ते दान ज्या हातांवर दुरून पडे त्या हातांची विटंबनाही याच श्रद्धेने शेकडो वर्षे चालविली, हे विसरून चालणार नाही. तरीसुद्धा आकाशात काही घडले असता ते आपल्या माणसाला घडत आहे, असे वाटण्याची जी शक्ती तिच्या ठिकाणी होती ती आमच्या ठिकाणी नाही. आम्ही ग्रहण पाहतो तेव्हा आकाशात कोणाला काही दुखत नाही. शास्त्राने आमचा विस्मय नेला नाही, वाढविला. परंतु हे आप्तपण नेले, आणि त्याच्या मोबदल्यात काही दिले असे आम्हांस प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. कीट्सला बहुधा याच गोष्टीची हळहळ होती. त्याने नाव मात्र चुकीच्या वस्तूचे घेतले.

म्हणून आम्ही मागे फिरणार आहो असे नाही. खोट्या आधारावर उभे असलेले आप्तपण कितीही गोड असले तरी ते जाणूनबुजून पत्करता येत नाही. आणि ते जाणूनबुजून पत्करणाऱ्यांची कथा आपल्याच इतिहासात आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास चंद्र सूर्याला झाकतो व पृथ्वीची छाया चंद्राला झाकते हे स्वच्छ लिहून ठेवले. सव्वाशे वर्षांनी ब्रह्मगुप्ताने, जो गणितात कोणाला हार जाणारा नव्हता, ग्रहणाचे गणित छायेच्याच व्यासावरून केले, परंतु राहूला न मानणे वेदस्मृतींच्या विरुद्ध आहे असेही लिहिले. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बेरूनीने हे वाचले तेव्हा तो चकित झाला. एवढा विद्वान मनाविरुद्ध असे का बोलला असावा, त्याला सॉक्रेटिसासारख्या गतीची भीती वाटली काय, असा तर्क त्याने केला. आमच्या माजघरात खुंटीला टांगलेले पंचांग या ब्रह्मगुप्ताचेच वंशज होते. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' रचला, तेव्हापासून महाराष्ट्रातील पंचांगकर्ते ग्रहणाचे स्पर्श-मोक्ष आधी वर्तवीत आले आहेत. राहूच्या भुकेचे वेळापत्रक कोणी वर्षभर आधी घटका-पळांत छापू शकत नाही, छायेचेच छापू शकतो. आणि त्याच पानावर, त्याच शाईने, वेध केव्हा पाळावा, कोणत्या राशीला अनिष्ट, हेही छापलेले असे. दीड हजार वर्षे ज्ञान घरात होते, आणि दारे-खिडक्या बंद होत्या.

याचे कारण काय? ज्ञान होते ते दुसऱ्याचे होते. पंचांगकर्त्याने गणित केले, घराने उत्तर वापरले. आणि येथे आमच्यावरील आरोप पुन्हा आमच्यासमोर येऊन उभा राहतो. कारण आमच्या वर्गातही हेच चालते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे वाक्य दहावी-बारावी होऊन आलेल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. 'मग चौकोनी भोकातून वाटोळा कवडसा कसा?' असे विचारले की वर्ग गप्प होतो, व थोड्या वेळाने कोणीतरी तेच वाक्य पुन्हा म्हणतो. नाव मिळाले की पाहणे थांबते. समुद्र निळा का, तर आकाशाचे प्रतिबिंब म्हणून, असे लॉर्ड रॅलेसारख्या अधिकारी पुरुषाने सांगितले होते, आणि सगळे जग ते मानून चालले होते. १९२१ साली 'नारकुंडा' बोटीने युरोपातून परत येताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोलच्या लोलकाने पृष्ठभागावरचे ते प्रतिबिंब वजा करून पाहिले. समुद्र निळाच राहिला. त्यासंबंधीचे पत्र त्यांनी मुंबई बंदरातूनच 'नेचर' या नियतकालिकाकडे धाडले, आणि त्या वाटेने सात वर्षांनी ते कोठे पोचले हे सर्वांना माहीत आहे. रामन यांना उत्तर मिळालेले होते. ते त्यांनी मिळालेले मानले नाही, एवढेच.

आम्ही स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. कवडशाविषयी सांगत असता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी कधी बोलत नसे. तिने विचारले, "सर, त्रिकोणी भोक असलं तरीसुद्धा गोलच पडेल?" तिच्या डोळ्यांत त्या वेळी जे होते ते आम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी माजघरात पाहिले होते. आमच्याजवळ उत्तर होते, आणि ते देण्याची आम्हांस घाई होती. आम्ही "होय" म्हणालो, वळलो, आणि फळ्यावर आकृती काढून पाच मिनिटांत सिद्ध करून दिले. सिद्धता निर्दोष होती. पुन्हा वळलो तेव्हा ती खाली बसून ती आकृती मुकाट्याने वहीत उतरवून घेत होती. तिला एक पुठ्ठा व एक कात्री एवढेच पाहिजे होते, आणि ते तिच्या घरी असेलच. वर्षभरात तिने पुन्हा काही विचारले नाही. परीक्षेत मात्र तिला त्या प्रश्नाचे पुरे गुण मिळाले.

यानंतर आला १५ जानेवारी २०१० चा दिवस. कंकणाकृती ग्रहण दक्षिणेकडे कन्याकुमारीच्या बाजूला होते. आमच्याकडे खंडग्रास, ऐन दुपारचे. महाविद्यालयाच्या पटांगणावर दुर्बिणीची व काळ्या चष्म्यांची व्यवस्था केली होती आणि मुलांची लांब रांग लागली होती. आम्ही देखरेखीला होतो. पटांगणाच्या कडेला चिंचेचे एक जुने झाड आहे. तेथे झाडलोट करणाऱ्या मावशी खराटा हातात धरून नुसत्याच उभ्या होत्या. त्यांनी सकाळपासून पाणीही घेतले नव्हते. मोक्ष होईपर्यंत घ्यावयाचे नाही हा त्यांचा नेम. आम्ही जवळ गेलो तशा त्या म्हणाल्या, "सर, हे काय पडलंय हो झाडाखाली? झाडू कसं?"

चिंचेखालची सारी जमीन कोरींनी भरून गेली होती. वारा आला की त्या शेकडो कोरी एकदम हलत व पुन्हा जागच्या जागी येत.

आमच्या ओठांवर उत्तर आले होते. ते आम्ही तेथेच थांबविले. दोन्ही हातांची बोटे एकमेकांवर आडवी धरून आम्ही सावलीबाहेर उन्हात उभे राहिलो, आणि खाली मातीवर बोटांच्या सावलीच्या जाळीत लहान लहान कोरी पडल्या. मावशींनी खराटा खाली ठेवला. त्यांनी आपली बोटे तशीच धरली, हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. कोरी लहान-मोठ्या होत होत्या, पण कोरीच राहत होत्या. रांगेतल्या दोन-चार मुली रांग सोडून आल्या व त्याही हात धरून उभ्या राहिल्या. एकीने ओढणीच्या जाळीतून पाहिले. बराच वेळ कोणी काही विचारले नाही.

शेवटी मावशी म्हणाल्या, "उद्यापण असतील काय हे?"

"असतील," आम्ही म्हणालो. "उद्या गोल असतील."

त्या थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे रोज असतात की!"

ग्रहण सुटावयास अजून तास-दीड तास होता. मावशींनी खराटा उचलला आणि पटांगणाची दुसरी बाजू झाडावयास घेतली. चिंचेखालची जागा त्यांनी त्या दिवशी सर्वांत शेवटी झाडली.